एका गोळीत दोन औषधं

माहीमच्या माझ्या आत्याचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तिच्या डब्यात तीन स्ट्रिप होत्या: डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची, घरातली तापाची आणि सर्दीची. "वेगवेगळ्या आहेत रे," आत्या म्हणाली. मागची बारीक अक्षरं वाचली, तर तिन्हींत पॅरासिटामॉल!

आता हिशेब करू. दुखण्याच्या एका गोळीत ट्रॅमाडॉल ३७.५ आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम. दोन-दोन गोळ्या तीन वेळा, म्हणजे पॅरासिटामॉल १९५०. तापाची ६५० ची तीन वेळा, आणखी १९५०. सर्दीच्या ५०० च्या दोन, म्हणजे १०००. एकूण ४९००. धडधाकट मोठ्या माणसाला दिवसाला जास्तीत जास्त ४०००. लिव्हरचा त्रास, कमी वजन किंवा रोजची दारू असेल तर त्याहून कमी. जास्त झालं की लिव्हर बिघडतं, आणि पहिल्या दिवशी कळतही नाही.

दुसरं औषध ट्रॅमाडॉल. हे ओपिऑइड, म्हणजे अफूसारखं काम करणारं. २०१८ पासून ते एनडीपीएस कायद्याखाली आहे. सोबत दारू किंवा झोपेची गोळी घेतली तर श्वास मंदावू शकतो. डिप्रेशनच्या काही गोळ्यांबरोबर फिट येऊ शकते. म्हणून चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांना दाखवा. बरेच दिवस घेतली असेल तर एकदम बंद करू नका, विचारून कमी करा. उरलेली शेजाऱ्यांना देऊ नका.

माणूस हलवूनही जागा होत नसेल, श्वास अडखळत असेल, तर लगेच १०८ लावा.

आत्याने तापाची आणि सर्दीची गोळी बाजूला काढून डॉक्टरांना फोन केला. तुम्हीही आज घरातला डबा उघडून बघा.