पापडी निवडणारे छोटे हात

सुरतच्या लिंबायत, उधना, डिंडोली भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबं मोठ्या संख्येनं राहतात. हिवाळ्यात त्यांच्याकडे भरीत-भाकरीच्या जोडीला सुरतच्याच कतारगामच्या पापडीचा (वालाच्या शेंगांचा) उंधियू, म्हणजे मिश्र भाज्यांचा गुजराती पदार्थही शिजतो.

मुलांना हाताशी घ्यायला यासारखा बेत नाही. चार-पाच वर्षांचं मूलही पापडीच्या शिरा काढतं, तुरीचे दाणे सोलतं. जरा मोठी मुलं मेथी निवडतात, उंधियूत घालायचे मेथी-पिठाचे मुठिये वळतात. बोटांचे ठसे उमटलेला वाकडातिकडा मुठिया पानात पडला की ‘हा माझा!’ म्हणून तो आधी उचलला जातो, आतल्या मेथीसकट. चिरणं आणि गॅसजवळचं काम मोठ्यांचं. घरी तेलाचं प्रमाणही आपल्या हातात असतं. मुठिये तळण्याऐवजी वाफवता येतात.

बेत ठरवतानाही मुलांना विचारावं, भाजी किती घ्यायची हेही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत २००० कॅलरींच्या दिवसभराच्या आहारासाठी ४०० ग्रॅम भाज्या सुचवल्या आहेत. त्या मुलांनाच तराजूवर तोलू द्याव्यात. आकडा डोळ्यांना दिसतो.

आणि बाजारात ‘पोंक’ दिसला, तर तो ज्वारीचा कोवळा हुरडाच आहे, हे गावाकडच्या शेताच्या आठवणीसह जरूर सांगावं.