'सोडणे', 'सुटणे' आणि 'निवृत्ती' : खेळाडूच्या अकाली निरोपाची भाषा

त्र्यंबकेश्वरी ज्यांची समाधी आहे त्या निवृत्तिनाथांचे नाव आणि क्रीडावृत्तांत नित्य आढळणारा 'निवृत्ती' हा शब्द वस्तुतः एकच होत. 'वृत्' म्हणजे वळणे, असणे. 'नि' या उपसर्गाने त्यास मागे फिरण्याचा अर्थ येतो. 'प्रवृत्ती'चा हा प्रतिपक्ष. परंतु अर्वाचीन मराठीत या शब्दावर परमार्थापेक्षा कचेरीचाच संस्कार अधिक झाला. सेवानिवृत्ती, निवृत्तिवेतन इत्यादी समासांनी त्यास वयोमर्यादेची व पुरी झालेल्या सेवेची अट चिकटविली. इतकी की, मनुष्य आपल्या इच्छेने बाहेर पडला हे सांगण्यासाठी 'स्वेच्छानिवृत्ती' असा निराळा समास घडवावा लागला.

ऐन भरात खेळ सोडणाऱ्याच्या बाबतीत ही अडचण उघड होते. ॲश्ली बार्टी ही ऑस्ट्रेलियन टेनिसपटू मार्च २०२२ मध्ये, जागतिक क्रमवारीत अग्रस्थानी असताना, पंचविसाव्या वर्षी खेळातून बाहेर पडली. 'निवृत्त' हे विशेषण येथे कसेसेच वाटते. कारण संपण्याजोगे काही संपलेलेच नसते. हिंदी वृत्तपत्रे अशा वेळी 'संन्यास' म्हणतात. सिंहस्थात संन्यासदीक्षा पाहिलेल्या नाशिककरांस त्या शब्दाचे वजन सांगावयास नको. आश्रमव्यवस्थेत संन्यास चौथा असला, तरी वैराग्य उपजेल त्याच दिवशी तो घेण्याची मोकळीक परंपरेने ठेवली आहे. म्हणून वयाची अडचण येथे उरत नाही. मात्र संन्याशाने पुन्हा प्रपंचात यावयाचे नसते, आणि खेळाडू तर येतात. ब्यॉन बोर्ग १९८३ साली सव्विसाव्या वर्षी गेला व १९९१ मध्ये परतला. मराठीतील 'रामराम ठोकणे' किंवा 'बॅट म्यान करणे' हे प्रयोग या दृष्टीने अधिक मोकळे आहेत. म्यान केलेले शस्त्र पुन्हा उपसता येते.

तथापि नामांपेक्षा क्रियापदांची जोडी अधिक विचारार्ह आहे. तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे यांप्रमाणेच सुटणे-सोडणे. 'तिने खेळ सोडला' यात कर्ता तृतीयेत, स्पष्टपणे उभा आहे. 'तिचा खेळ सुटला' यात तीच व्यक्ती षष्ठीत जाते. ती खेळाची धनी उरते, कृतीची नव्हे. 'मुद्दाम सोडला' म्हणता येते, 'मुद्दाम सुटला' म्हणता येत नाही. तसेच 'सोडला' यास 'साठी' सहज चालते, तर 'सुटला' यास 'मुळे' लागते. हेतू कर्त्याचा असतो. कारण कोठूनही येते.

रोहिणी खाडिलकर १९७६ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, महिलांच्या राष्ट्रीय बुद्धिबळविजेत्या झाल्या, आणि १९८१ मध्ये आशियाई विजेत्या. १९९३ मध्ये, तिशीच्या सुमारास, त्या स्पर्धात्मक बुद्धिबळातून बाहेर पडल्या. जर्मनीत त्यांनी मुद्रणतंत्राचे शिक्षण घेतले व पुढे 'संध्याकाळ' या दैनिकाच्या संपादक झाल्या. येथे 'सोडले' हेच क्रियापद योग्य. याउलट कोल्हापूरचे जलतरणपटू वीरधवल खाडे यांनी २०१० च्या आशियाई क्रीडास्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्यपदक मिळविले, आणि राज्यसेवेत तहसीलदार म्हणून रुजू झाल्यावर काही वर्षे त्यांचा सराव खंडित झाला. ते परतले, २०१८ च्या जकार्ता स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाईलचे कांस्यपदक त्यांच्या हातून शंभरांश सेकंदाने निसटले. पहिल्या खंडास 'सुटणे' शोभते. २०२३ मध्ये गोव्यातील राष्ट्रीय स्पर्धेनंतरच्या निरोपास मात्र 'सोडणे'.

खो-खो वा कबड्डी खेळणाऱ्या मुलींच्या संदर्भात 'लग्नानंतर खेळ सुटला' हे वाक्य इतके सरावाचे आहे की त्यातील कर्त्याचा अभाव कोणास खटकत नाही. 'नंतर' हे शब्दयोगी अव्यय तर 'मुळे'चीही जबाबदारी घेत नाही. केवळ कालक्रम सांगून ते मोकळे होते. तिला खेळू दिले गेले नाही, की तिनेच विचारपूर्वक दुसरे काही निवडले, हे दोन्ही अर्थ त्या एका वाक्यात बुजून जातात. पहिल्या शक्यतेत अन्याय झाकला जातो, दुसरीत तिचा निर्णय. आणि या दुसऱ्या हानीकडे अभ्यासकांचे लक्ष अद्याप फारसे गेलेले दिसत नाही. खेळाडूंच्या मुलाखतींचे संकलन करणाऱ्याने म्हणून निवेदिकेचे मूळ क्रियापद व शब्दयोगी अव्यय जसेच्या तसे टिपावे. संपादनात 'सोडला'चे 'सुटला' होणे, वा दोहोंच्या जागी सरसकट 'निवृत्ती' येणे, ही केवळ शैलीची दुरुस्ती नव्हे.