जहाजाची वेळ आणि खिशातली वेळ

उन्हाळ्यात मायामीहून सुटणाऱ्या प्रवासी जहाजाने आम्ही सपत्नीक मेक्सिकोच्या कोझुमेल बेटावर गेलो होतो. तेथे एका तासाची किंमत आम्हांस कळली.

पृथ्वीला १५ अंश फिरण्यास एक तास लागतो. म्हणून लांबच्या सफरीत कप्तान रात्री घड्याळे मागेपुढे करवितो. आठवडाभराच्या फेरीत मात्र अनेक जहाजे निघालेल्या बंदराचीच वेळ कायम ठेवतात. कोझुमेल ज्या किंताना रो राज्यात आहे, त्याने २०१५ साली आपली वेळ बदलली. तेव्हापासून हिवाळ्यात तेथील व मायामीची घड्याळे जुळतात. उन्हाळ्यात मायामी एक तास पुढे जाते. खिशातला फोन किनाऱ्यावरील मनोऱ्याचा संदेश मिळताच, मालकास न विचारता, तासभर मागे सरकतो.

परतण्याची मुदत साडेचारची. आमच्या फोनात तीन वीस झाले होते, म्हणून आम्ही बाजारात निवांत घासाघीस करीत होतो. इतक्यात सौभाग्यवतींनी मनगटावरचे चावीचे घड्याळ पुढे केले : चार वीस! या वयात आम्ही धक्क्यावरून धावलो. जहाजाच्या कार्यालयातूनच काढलेल्या सहलीसाठी ते सहसा थांबते. स्वतंत्र फिरणाऱ्यांसाठी नाही. मागे राहिलेल्याने पुढचे बंदर स्वखर्चाने गाठावे.

फोनातील आपोआप वेळ बदलण्याची सोय त्याच रात्री बंद केली. सूर्यास्तापूर्वीच्या भोजनासाठी मात्र आम्ही प्रथमपासून क्षितिजाकडेच पाहत होतो.