फ्लॉरेन्समधील एक दिवस आणि घरचा वारसा

युरोपची सहल ही एके काळी मुंबई-पुण्याच्या सधन कुटुंबांचीच मिरासदारी होती. आता सोनपेठसारख्या तालुक्याच्या गावातील निवृत्त शिक्षकही भविष्यनिर्वाह निधीतील रक्कम बाजूला काढून अशा सामूहिक सहलीचा विचार करू शकतो. या सहलीत फ्लॉरेन्सच्या वाट्याला बहुधा एकच दिवस येतो. सकाळी उफिझी, दुपारी मायकेलॅन्जेलोचा ‘डेव्हिड’ आणि सायंकाळी पुढच्या मुक्कामाची बस! हा कलास्वाद की नुसते मुखदर्शन, असा प्रश्न कोणी विचारील. परंतु पंढरीच्या वारकऱ्याला क्षणभराचे मुखदर्शनही पुरते, कारण त्याची तयारी वाटभर झालेली असते. सहलीला गेलेल्यांकडे नेमकी हीच तयारी नसते. अशा दिवशी सर्वांत दुर्मीळ वस्तू पैसा नव्हे, तर वेळ. आणि तो छायाचित्रे काढण्यातच खर्ची पडतो.

या चित्रांचा खर्च कोणी केला आणि ती टिकली कशी, एवढे दोन प्रश्न मनाशी धरले तरी तो दिवस सार्थकी लागेल. मेदिची घराण्याने 1397 मध्ये पेढी काढली आणि सावकारीतला नफा पुढे कलेकडे वळला. 1501 मध्ये ‘डेव्हिड’चे काम सोपविणारे लोक लोकर-व्यापाऱ्यांच्या संघाचे होते. ‘उफिझी’ या शब्दाचा अर्थच मुळी कचेऱ्या! 1560 मध्ये ती इमारत बांधावयास घेतली, ती राज्याच्या कारभारासाठी. कारकुनांच्या त्या वास्तूत आज बोत्तिचेल्लीचा ‘व्हीनसचा जन्म’ नांदतो आहे.

याहून बोधप्रद आहे 1737 चा करार. मेदिची घराणे निर्वंश होत असता त्यातील अखेरची वारस आना मारिया लुईसा हिने सारा संग्रह नव्या राजघराण्याच्या स्वाधीन केला, पण एका अटीवर: यातील काहीही फ्लॉरेन्सबाहेर जाता कामा नये. राज्याची शोभा, लोकांचा उपयोग आणि परदेशीयांचे कुतूहल ही तीन कारणे तिने त्यासाठी दिली होती. 1769 मध्ये उफिझी जनतेला खुली झाली. जगभरातून तेथे लोटणारे प्रवासी आणि त्यांच्यावर चालणारे शहराचे व्यवहार ही त्या एका अटीची अडीच शतकांहून अधिक काळची फलश्रुती होय.

आपल्याकडचा हिशेब यापुढे ठेवून पाहावा. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्याचा खर्च वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने केला, असे तेथील शिलालेख सांगतो. एकोणिसाव्या शतकात रॉबर्ट गिल आणि ग्रिफिथ्स यांनी करविलेल्या तेथील चित्रांच्या प्रतिकृती इंग्लंडला गेल्या आणि त्यांतील अनेक 1866 व 1885 च्या आगींत भस्मसात झाल्या. मूळ चित्रे भिंतींवरच होती, म्हणून वाचली. परभणीप्रमाणेच अजिंठाही निजामाच्या राज्यात असताना, 1920 ते 1922 या काळात चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना चित्रांच्या रक्षणासाठी बोलाविण्यात आले. त्यांनी ढासळते थर सावरले. मात्र त्यांनी दिलेला लाखेचा लेप पुढे काळवंडला आणि तो काढण्याचे किचकट काम नंतरच्या पिढ्यांच्या माथी आले. जतन हा असा अखंड चालणारा खर्च आहे.

सोनपेठच्या शेजारी, गंगाखेड तालुक्यात धारासूरचे गुप्तेश्वर मंदिर आहे. त्याच्या बाह्यांगावरील शिल्पे पाहण्यास पारपत्र लागत नाही आणि भविष्यनिर्वाह निधीलाही हात लावावा लागत नाही. तरीही शाळांच्या सहली अशा वास्तूंना वळसा घालून दूरच्या बागांकडे धावतात. ज्या वास्तूला कोणी पाहावयास जात नाही, तिच्या डागडुजीची तरतूद अंदाजपत्रकात सर्वांत शेवटी येते, हा सार्वजनिक वित्तव्यवहाराचा रोकडा अनुभव आहे. फ्लॉरेन्सला जाणाऱ्याने अवश्य जावे. मात्र त्यापूर्वी एक दिवस धारासूरला, दुसरा अजिंठ्याला द्यावा, आणि वर्गातील मुलांनाही सोबत न्यावे. पाहणाऱ्यांची संख्या वाढली की राखणाऱ्यांना जाब विचारता येतो.