ट्रॅक्टरच्या बॅटरीची जागा बदलताना



गळीत हंगाम तोंडावर आला की ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची डागडुजी सुरू होते. टायर बघितले जातात, ट्रॉलीचे हूक वेल्डिंग करून घेतले जातात, ऑइल बदलले जाते. याच सुमारास पुष्कळ वाहतूकदार बॅटरीची जागाही बदलून घेतात. कुणाची मूळ पेटी गंजलेली असते, कुणाला ट्रकची मोठी बॅटरी बसवायची असते, कुणाला बॅटरी चोरीला जाण्याची धास्ती असते. टेप आणि मोठे भोंगे बसवायचे म्हणून बॅटरी मागे घेणारेही आहेत. जागा बदलायला हरकत नाही. पण त्यानंतर सेल्फ लागत नाही, लाइट मंद होतात, बॅटरी रात्रीत उतरते, अशा तक्रारी सुरू होतात. मग दोष बॅटरीला दिला जातो आणि नव्या बॅटरीचा खर्च अंगावर पडतो.

ऊस विकास विभागाने या विषयात का पडावे, असे कोणी म्हणेल. पण तोडलेला ऊस फडात किंवा रस्त्यात पडून राहिला की वजन घटते आणि साखरेचा उताराही घटतो. ट्रॅक्टर सेल्फवाचून अडला तर तोटा सभासदाचा आणि कारखान्याचाही. म्हणून गावोगावी फिरताना आम्हास जे पाहावयास मिळाले ते येथे देत आहोत.

वीज जाते तशी परतही येते

विहिरीवरून लांबच्या रानात पाणी न्यायचे तर पाइप मोठा घालावा लागतो. बारीक पाइप लांबवर नेला तर टोकाला दाब राहत नाही. बॅटरीच्या केबलचेही तसेच आहे. डिझेल ट्रॅक्टरचा सेल्फ फिरताना सुमारे ३०० अँपिअर किंवा त्याहूनही जास्त करंट ओढतो. २५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या केबलमधून ३०० अँपिअर गेले तर दर मीटरला सुमारे ०.२ व्होल्ट गळतो. केबल ३ मीटर लांब झाली की ०.६ व्होल्ट वाटेतच गेला. ५० चौरस मिलिमीटरची केबल घातली तर ही गळ निम्मी होते.

दुसरी बाजू अर्थिंगची. बॅटरीतून निघालेला करंट सेल्फमधून इंजिनच्या बॉडीत उतरतो आणि तेथून निगेटिव्ह टोकाला परत येतो. जागा बदलताना मिस्त्री पॉझिटिव्ह केबल नीट जोडतो, पण अर्थ मात्र मडगार्डच्या किंवा पायदानाच्या एखाद्या बोल्टला मारून मोकळा होतो. तो पत्रा रंगवलेला असतो, खाली रबरी वॉशर असतात. म्हणजे परतीची वाट अर्धी बुजलेली. आमच्या पाहण्यात निम्म्याहून जास्त तक्रारींचे मूळ येथेच निघाले.

एका सभासदाने बॅटरी पुढून काढून मडगार्डवर घेतली होती. सेल्फ मारला की नुसती टकटक. त्यांनी एकामागून एक दोन बॅटऱ्या बदलल्या, सेल्फ खोलून बुशही नवे टाकले. सकाळी चार माणसे लावून धक्का मारावा तेव्हा ट्रॅक्टर सुरू होई. शेवटी पाहिले तर सेल्फ मारल्यावर मडगार्डचा बोल्ट हात लावू नये इतका तापत होता. बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट गिअरबॉक्सच्या बोल्टपर्यंत जाड केबल टाकली, खालचा रंग खरवडून धातू उघडा केला, आणि पहिल्याच झटक्यात इंजिन लागले. काढून ठेवलेल्या दोन्ही बॅटऱ्या चार्ज करून पाहिल्या तर चांगल्याच निघाल्या.

तपासणी कोणत्या क्रमाने करावी

प्रथम गिअर न्यूट्रल करावा, ब्रेक लावावा आणि इंजिन लागू नये म्हणून स्टॉपची दोरी ओढून धरावी.

१. हेडलाइट लावून सेल्फ मारा. लाइट एकदम विझले तर टर्मिनल सैल आहे किंवा बॅटरी उतरली आहे. लाइट मंद होऊन सेल्फ जड फिरला तर केबल, अर्थ किंवा बॅटरी अशक्त समजावी. लाइट तसेच लख्ख राहिले आणि सेल्फ गप्प राहिला, तर स्विच, सोलेनॉइड किंवा त्याची बारीक वायर पाहावी.

२. बॅटरीचे व्होल्ट मोजा. चार्ज झालेली १२ व्होल्टची बॅटरी काही तास स्वस्थ ठेवल्यावर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या आसपास आली असेल तर आधी चार्ज करून घ्या, मगच पुढे जा.

३. मीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवून सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टपेक्षा बरेच जास्त दिसले तर अर्थ खराब. पॉझिटिव्ह खुंटी ते सेल्फचा बोल्ट अर्ध्या व्होल्टच्या आत असावे.

४. मीटर नसेल तर जाड जंपर केबल निगेटिव्हपासून थेट इंजिनला लावून पाहा. सेल्फ जोरात फिरला की दोष सापडला.

५. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसावेत. कमी असतील तर बेल्ट आणि चार्जिंगची वायर पाहा. ती वाढवताना बारीक तुकडा जोडलेला असतो.

६. रात्रीत बॅटरी उतरत असेल तर सर्व स्विच बंद करून निगेटिव्ह केबल काढा आणि खुंटी व केबल यांच्यामध्ये टेस्टलॅम्प लावा. दिवा लागला तर कुठेतरी करंट जातो आहे. टेपची थेट जोडलेली वायर प्रथम तपासा.

चालू इंजिनवर टर्मिनल काढून डायनॅमो चालतो का हे पाहण्याची जुनी रीत अल्टरनेटरच्या ट्रॅक्टरवर मुळीच करू नये. डायोड जळतात. बॅटरी उलटी जोडली तरी तेच होते. काही जुन्या ट्रॅक्टरना पॉझिटिव्ह अर्थ असतो, हेही आधी पाहून घ्यावे.

बसवतानाच घ्यावयाची काळजी

बॅटरी सायलेन्सरपासून लांब, हवा खेळेल अशा पेटीत, पट्टीने घट्ट बांधावी. खडखडाटाने आतल्या प्लेटा लवकर झडतात. काढताना निगेटिव्ह आधी, बसवताना निगेटिव्ह शेवटी. चार्ज होताना बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो, तेव्हा जवळ बिडी-काडी नको. टर्मिनलवरचा पांढरा थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावा, झाकणे घट्ट ठेवून, आणि वर व्हॅसलीन लावावे.

सेल्फच्या जाड केबलला सहसा फ्यूज नसतो. ती पत्र्याच्या भोकातून जाते तेथे रबर आणि जागोजाग क्लिप पाहिजे. घासून तांबे उघडे पडले की ठिणगी उडते, आणि आपला ट्रॅक्टर वाळलेल्या पाचटात उभा असतो. एक ठिणगी उभा फड जाळू शकते. लाइट, भोंगा व टेपच्या वायरला मात्र बॅटरीजवळच फ्यूज घालावा.

आणखी एक. ट्रॉलीच्या मागच्या लाल दिव्याचा अर्थ पुष्कळदा फक्त हुकाच्या पिनवर अवलंबून असतो. पिन गंजली वा हलली की दिवा मिणमिणतो, विझतो, आणि पुढे बसलेल्या ड्रायव्हरला ते समजत नाही. अंधारात उभी असलेली उसाची ट्रॉली मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला दिसत नाही. प्रत्येक ट्रॉलीला अर्थची स्वतंत्र वायर टाकावी, लाल रिफ्लेक्टर पुसून स्वच्छ ठेवावेत आणि फडातून निघण्यापूर्वी मागे जाऊन दिवा डोळ्यांनी पाहावा. बॅटरीपायी खेप चुकली तर दुसऱ्या दिवशी भरून काढता येते. रस्त्यावर गेलेला माणूस परत येत नाही.

तरी सर्व वाहतूकदार सभासदांनी पहिली खेप भरण्यापूर्वी ही तपासणी करून घ्यावी, ही विनंती.