प्रसाधनांवरील घटकनामे : एक भाषिक विचार

वाशी किंवा नेरूळ येथील औषधांच्या कोणत्याही दुकानातून चेहऱ्यास लावावयाच्या क्रीमची डबी घेतली, तर तिच्या दोन बाजूंवर दोन निरनिराळ्या भाषा आढळतात. दर्शनी बाजूची भाषा ग्राहकाच्या परिचयाची असते. तीत हळद, चंदन, केशर यांची नावे येतात आणि उजळपणा, नितळपणा, तेज यांची आश्वासने येतात. मागील बाजूस बारीक अक्षरांत घटकद्रव्यांची यादी असते, व ती कोणाच्याच मातृभाषेत नसते. दर्शनी मजकूर हे वकिलाचे भाषण, मागील यादी ही साक्ष. उलटतपासणी घ्यावयाची ती साक्षीची. परंतु साक्षीदाराची भाषाच ग्राहकास कळत नाही.

ही भाषा मुद्दाम घडविलेली आहे. आंतरराष्ट्रीय नामपद्धतीत वनस्पतींना लॅटिन नावे व रसायनांना बहुधा इंग्रजी नावे योजिली जातात. पाणी तेथे 'अ‍ॅक्वा' होते, हळद 'कुर्कुमा लोंगा', चंदन 'सँटालम आल्बम' आणि कोरफड 'अलो बार्बाडेन्सिस'. संस्कृत 'उद्वर्तना'पासून आलेले आपले उटणे ज्या घरांत कुटले जाई, तेथे नागरमोथ्याची पारख नाकाने व बोटांनी होत असे. तोच नागरमोथा 'सायपेरस' हे नाव धारण करून आला की त्याला उटण्यावर वाढलेला माणूसही ओळखत नाही.

तथापि नावांपेक्षा त्यांचा क्रम अधिक बोलका असतो. भारतातील २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार १ टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या प्रमाणाने लिहावे लागतात. त्यानंतर १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक कोणत्याही क्रमाने लिहिले तरी चालतात. आता 'फेनॉक्सिइथेनॉल' हे परिरक्षक घ्यावे. युरोपीय नियमांत त्याची कमाल मर्यादा १ टक्का आहे. ही मर्यादा पाळणाऱ्या डबीवर 'कुर्कुमा लोंगा' जर फेनॉक्सिइथेनॉलच्या मागून आली असेल, तर त्या डबीत हळदीचा तो अर्क १ टक्क्याहून अधिक नाही, एवढे निश्चित म्हणता येते. दर्शनी बाजूवर हळकुंडाचे चित्र केवढेही मोठे असो. (अल्प प्रमाणातील द्रव्यही कधी गुणकारी असते, हे येथे विसरता कामा नये.)

नावे फसवितात तीही एकाच दिशेने नव्हे. 'अल्कोहोल' हा शब्द पाहताच त्वचा कोरडी पडेल या भीतीने डबी खाली ठेवणारे पुष्कळ असतात. परंतु 'सेटिल अल्कोहोल' हा मेणासारखा मऊ पदार्थ असून तो क्रीमला दाटपणा आणतो. त्याच्या नावात देवमाशाचा लॅटिन शब्द दडलेला आहे, कारण तो प्रथम देवमाशाच्या डोक्यातील मेणापासून मिळविला गेला. आज तो बहुधा पामतेलादी वनस्पतिजन्य तेलांपासून काढतात, पण देवमासा नावातून गेलेला नाही. 'नायसिन' या नावाचा इतिहास याच्या उलट आहे. 'निकोटिनिक आम्ल' या नावामुळे तंबाखूतील निकोटीनची आठवण होते, म्हणून अमेरिकेत हे नवे नाव घडविण्यात आले. आजच्या क्रीममधील 'नायसिनामाइड' त्याच कुळातले. म्हणजे एके ठिकाणी जुने नाव निष्कारण भिवविते, तर दुसऱ्या ठिकाणी भीती घालविण्यासाठी नाव बदलावे लागले.

नाव वाचता येत नसेल तर द्रव्य थोडे लावून पाहावे, असा व्यवहारी सल्ला दिला जातो. हाताच्या आतील बाजूस आठवडा-दहा दिवस रोज थोडे लावून खाज किंवा लाली येते काय हे पाहणे, ही रीत चांगलीच आहे. पण तिचे क्षेत्र मर्यादित आहे. त्वचेचा दाह तिने कळतो. शरीरात हळूहळू साचणारे विष तिने कळत नाही.

पाऱ्याचे उदाहरण या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे. त्वचेतील रंगद्रव्य तयार करणाऱ्या विकराचे कार्य पारा रोखतो. त्यामुळे पारायुक्त क्रीम लावून पाहणाऱ्यास आरंभी चेहरा खरोखरच उजळलेला दिसतो. प्रयोग यशस्वी झाला असे वाटते आणि प्रयोग चालू राहतो. अकोला येथील एकाच कुटुंबातील तीन स्त्रियांना मूत्रपिंडाचा विकार जडला व त्या वापरीत असलेल्या क्रीममध्ये पारा आढळला, असे वृत्त जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी नवी मुंबईतील खारघर येथेही अशा प्रकारचे रुग्ण आढळले. केरळमधील डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातील मूत्रपिंडविकाराच्या २२ रुग्णांचा अभ्यास केला. त्यांपैकी १५ जणांत एक विशिष्ट, एरवी विरळा आढळणारा प्रकार दिसला आणि त्या १५ पैकी १३ जण त्वचा उजळविणारी क्रीम वापरीत होते.

'पारा' हे विष आहे हे मराठी भाषकास सांगावे लागत नाही. हिंगूळ आणि रसकापूर हे शब्दही जुन्या पिढीस ठाऊक होते. पण 'कॅलोमेल', 'मर्क्युरस क्लोराइड', 'अमोनिएटेड मर्क्युरी', 'मर्क्युरिओ' ही त्याची वेष्टनावरील रूपे त्या ज्ञानाशी जुळत नाहीत. बहुतेक वेळा तर तीही छापलेली नसतात.

यावर उपाय म्हणून संपूर्ण यादीचे मराठीकरण सुचविले जाते. ते फारसे उपयोगी पडेल असे दिसत नाही. फेनॉक्सिइथेनॉलला संस्कृतोद्भव प्रतिशब्द दिल्याने एका अनोळखी नावाऐवजी दोन होतील, इतकेच. त्याऐवजी क्रमाचा नियम मराठीत छापणे आणि वनस्पतींची देशी नावे लॅटिन नावांशेजारी देणे अधिक श्रेयस्कर. लपविलेल्या पाऱ्याबाबत मात्र कोणतीही नामपद्धती तोकडीच पडते. भारतीय नियमांत प्रसाधनामध्ये अनवधानाने राहिलेल्या पाऱ्याची मर्यादा, डोळ्यांभोवती वापरावयाची प्रसाधने वगळता, दशलक्षांत १ भाग एवढीच आहे, व तिचे उल्लंघन प्रयोगशाळेतच उघड होते. दुकानात उभ्या असलेल्या ग्राहकाने घटकांच्या यादीआधी उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, आणि माल परदेशी असल्यास आयात नोंदणी क्रमांक शोधावा. ब्यूटी पार्लरमधून सुट्या डबीत मिळणाऱ्या क्रीमवर यांपैकी बहुधा काहीच आढळत नाही.