विडी वळणारी बोटे आणि त्यांचे स्नायू

सोलापूरच्या पूर्व भागातून जाताना मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या स्त्रिया तुम्ही पाहिल्या असतील. ओलसर केलेले तेंदूचे पान कात्रीने कापायचे, त्यात चिमूटभर तंबाखू भरायची, पान वळायचे, टोक मुडपायचे आणि दोरा गुंडाळायचा. मजुरी मोजतात ती हजार विड्यांवर. म्हणजे बोटांची हीच हालचाल दिवसातून शेकडो वेळा होते. सोलापूरजवळ कुंभारी येथे २००६ साली विडी कामगार स्त्रियांसाठी १०,००० घरांची वसाहत उभी राहिली. यावरून असे किती हात या कामात आहेत, याची कल्पना येईल.

आता सांगा पाहू, ही बोटे हलवणारे स्नायू कोठे असतात? 'बोटांतच!' असे तुम्ही म्हणाल. एक प्रयोग करा. डाव्या हाताने उजव्या हाताचा कोपराखालचा मांसल भाग घट्ट धरा आणि उजवी मूठ भराभर मिटा, उघडा. बोटे हलतात पुढे, पण वळवळ जाणवते ती कोपराखाली! बोटांत त्यांना वाकवणारा एकही स्नायू नाही. काही छोटे स्नायू तळव्यात आहेत. पण जोर लावणारे मोठे स्नायू कोपर आणि मनगट यांच्या दरम्यान आहेत.

मग त्यांची ओढ बोटांपर्यंत पोचते कशी? कंडरांमुळे. कंडरा म्हणजे पांढरी, चिवट दोरी. ती स्वतः आकुंचन पावत नाही. स्नायूची ओढ हाडापर्यंत नेते. तिचे तंतू हाडावरच्या आवरणात आणि खुद्द हाडात शिरून पक्के रुजलेले असतात. बोटांतील एक रचना तर फारच मजेदार आहे. बोटाच्या मधल्या पेराला वाकवणारी कंडरा टोकाशी दुभंगते आणि त्या फटीतून दुसरी कंडरा पुढे जाऊन शेवटच्या पेराला चिकटते.

स्नायूला फक्त ओढता येते, ढकलता येत नाही. म्हणून ते जोडीने काम करतात. दंडाची बेडकुळी फुगते तेव्हा दंडापुढचा स्नायू आखडतो. त्याचे वरचे टोक खांद्याच्या फऱ्याला आणि खालचे कोपरापुढच्या हाडाला जोडलेले असते. म्हणून हात कोपरात वाकतो. हात सरळ करण्याचे काम दंडामागच्या स्नायूचे.

हाडांना जोडलेले आणि आपल्या इच्छेने चालणारे असे ६०० हून अधिक स्नायू शरीरात आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्यावर आडवे पट्टे दिसतात. दुसरा प्रकार बिनपट्ट्यांचा. जठर, आतडी, रक्तवाहिन्या यांच्या भिंतींत हे स्नायू थराथरांनी असतात. यांना हाड नको, कंडरा नको आणि आपला हुकूमही नको. अंगावर काटा येतो तोही अशाच इवल्या स्नायूंमुळे. त्यांचे एक टोक केसाच्या मुळाशी, तर दुसरे त्वचेत असते. तिसरा प्रकार हृदयाचा. त्याच्यावर पट्टे आहेत, पण तो इच्छेने चालत नाही. मिनिटाला ७० ठोके धरले तर दिवसाला सुमारे १ लाख ठोके होतात! याचे तंतू झडपांभोवतीच्या चिवट कड्यांना जोडलेले असतात.

पुन्हा विडीकडे वळू. बोटांकडे जाणाऱ्या ९ कंडरा मनगटातील एका अरुंद बोगद्यातून जातात. खाली मनगटाची हाडे, वर मजबूत पट्टा. याच बोगद्यातून एक मज्जातंतूही जातो. मनगट वाकवून तीच हालचाल वर्षानुवर्षे केली की कंडरांभोवतीची आवरणे सुजू शकतात. बोगदा काही रुंद होत नाही; मज्जातंतू मात्र दाबला जातो. मग अंगठा आणि शेजारची बोटे बधिर होतात, मुंग्या येतात, रात्री त्रास वाढतो. दुर्लक्ष केले तर अंगठ्याच्या बुडाचा स्नायू झिजतो आणि चिमूट धरणेही कठीण होते. हजारावर मजुरी घेणाऱ्या बाईचा तर रोजगारच त्या चिमटीत असतो.

म्हणून घरी कोणी विड्या वळत असेल, शिवणकाम करीत असेल किंवा तासन् तास संगणकावर टंकलेखन करीत असेल, तर त्यांना सांगा : मनगट शक्यतो सरळ ठेवा, अधूनमधून हात थांबवून बोटे ताणा आणि बधिरपणा टिकला तर डॉक्टरांना दाखवा. वेळीच दाखवले तर उपाय होऊ शकतो.

शिक्षकांनी वर्गात एक प्रयोग जरूर करून दाखवावा. खाटकाकडून कोंबडीचा पाय आणावा. कापलेल्या बाजूला पांढऱ्या दोऱ्या दिसतील. त्यांतील एकेक चिमट्याने धरून ओढावी. एक ओढली की बोटे मिटतील, दुसरी ओढली की उघडतील. स्नायू तर केव्हाच कापून गेलेला आहे. त्याचे काम तेवढे तुमच्या हाताने केले! प्रयोगानंतर हात साबणाने स्वच्छ धुवायला मात्र विसरू नका.